झालं, बाई

१

धायरीतल्या त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत दिवस कधी उजाडतच नसे. खिडक्यांना काळा कागद, दाराला काळा पडदा आणि मधोमध एक जडशीळ टेबल. टेबलावर दीड हाताचं घर. भिंती, कोनाडा, चूल आणि समोर दहा इंचांचं दार. दारापाशी आठ इंचांची गोदाबाई.

गोदाबाई मातीची. आनंदीबाई पोंक्षे हाडामांसाच्या, वय एकाहत्तर. रोज सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं गल्लीच्या टोकाला विरलं की त्या खाली यायच्या, दोन दिवे लावायच्या आणि गोदाबाईला मोहरीएवढं हलवायच्या. मग एक फोटो. पुन्हा मोहरीएवढं, पुन्हा फोटो. अशा बारा फ्रेम झाल्या की पडद्यावर गोदाबाई एक सेकंद जगायची. आयुष्य असं सुटं सुटं करून खर्ची घातल्याबद्दल आनंदीबाईंची काही तक्रार नव्हती. ज्यांच्याकडे ती करायची, ते शमशुद्दीनभाई दीड वर्षापूर्वी गेले होते.

अडतीस वर्षं कॅमेऱ्यामागे तेच. त्या दोघांच्या कामाची एक रीत होती. आनंदीबाईंनी माती हलवली की मागून विचारणा व्हायची, "हात?" त्या हात मागे घेऊन म्हणायच्या, "बाहेर." मग खट्. मग शमशुद्दीनभाई म्हणायचे, "झालं, बाई." हे 'झालं' येईपर्यंत हलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. एखाद्या फ्रेममध्ये चुकून हात राहिला तर पडद्यावर तो लख्खकन दिसून जातो आणि सगळा खेळ उघडा पडतो. म्हणून ही विचारणा, दिवसातून शंभरदा.

आता आनंदीबाई एकट्याच होत्या. कॅमेऱ्याला वायरचं बटण लावलेलं होतं, ते डाव्या हातात धरायचं आणि दाबायचं. शेवटच्या सिनेमाचा शेवटचा शॉट उरला होता. गोदाबाई कडी काढते, दार उघडते आणि उंबऱ्यावर येऊन बाहेर बघते. बारा सेकंद, म्हणजे एकशे चव्वेचाळीस फ्रेम. त्या झाल्या की सिनेमा पुरा, आणि आनंदीबाईंचं कामही पुरं.

एकतिसाव्या फ्रेमला त्यांनी गोदाबाईचं कोपर हलवलं, हात मागे घेतला, "बाहेर" म्हणाल्या आणि बटण दाबलं.

दाबल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं बोललो. सवयीनं बोललो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण गेलं दीड वर्ष ही सवय कुठे गेली होती, हे काही त्यांना सांगता येईना.

२

दुपारी वरणभात जेवून त्या लॅपटॉपसमोर बसल्या आणि सकाळचं काम चालवून पाहिलं. कडी निघाली, दार बोटभर उघडलं, आणि त्या फटीत काहीतरी हललं.

त्यांनी एकेक फ्रेम मागे घेतली. एकतिसावी. दाराच्या फटीत, खालच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी फिकट होतं. तिसाव्या फ्रेमला ते नव्हतं. बत्तिसाव्यालाही नव्हतं.

पाल, त्या मनाशी म्हणाल्या. धायरीतल्या पाली माजल्यात, कुठेही शिरतात. त्यांनी बॅटरी घेतली आणि त्या छोट्या घराच्या मागे जाऊन पाहिलं. दारामागे चार बोटं जागा सोडून प्लायवूड उभा केलेला होता आणि त्यावर काळी मखमल ताणून बसवलेली होती. पडद्यावर तो बाहेरचा अंधार दिसायचा. मखमलीवर पाल नव्हती, पालीची विष्ठा नव्हती, साधी धूळही नव्हती.

मग माझंच बोट असेल, असं त्यांनी ठरवलं. दिव्याची तिरीप पडून बोटाचं काहीतरी उमटलं असेल. हे ठरवून त्यांना बरं वाटलं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. आपलं बोट त्या फटीतून आत गेलं असतं, तर ते कॅमेऱ्याच्या बाजूनं दिसलं असतं. हे जे काही होतं ते पलीकडच्या बाजूनं येत होतं.

त्यांनी ती फ्रेम काढून टाकली नाही. बाजूला ठेवली, आणि एकतिसावी पुन्हा घेतली. ती स्वच्छ आली.

३

शहाऐंशी साली हे दोघं भेटले तेव्हा मातीचा सिनेमा म्हणजे काय हे पुण्यात कोणाला समजावून सांगायचं म्हणजे घसा कोरडा पडायचा. आनंदीबाई शाळेत चित्रकला शिकवत. शमशुद्दीनभाई रविवार पेठेतल्या घड्याळजींचे चिरंजीव, लग्नात फोटो काढायचे. पहिली गोदाबाई शाडूची केली. दिव्याखाली दोन तासांत तिच्या कपाळाला भेग गेली, संध्याकाळपर्यंत डोकं गळ्यातून सुटलं. मग मेण, एरंडेल आणि शाडूची पूड एकत्र शिजवून दोघांनी स्वतःची माती काढली. तो वास आनंदीबाईंच्या बोटांना इतका चिकटला की पुढे लग्नाचा विषय निघाला तेव्हा एक स्थळ म्हणे वासावरूनच परत गेलं. आनंदीबाईंनी ही गोष्ट हसत हसत सांगून जन्म काढला.

गोदाबाईनं दूरदर्शनवर मुलांना पाढे शिकवले, हात धुवायला शिकवलं, गाळून पाणी प्यायला शिकवलं. आज चाळिशीत असलेली माणसं भाजीबाजारात आनंदीबाईंना थांबवून गोदाबाईची चौकशी करायची. शमशुद्दीनभाईंची चौकशी कोणी करत नसे. कॅमेऱ्यामागचा माणूस कोणाला दिसतो?

दोघांच्यात एक अलिखित करार होता. त्यांनी मातीला हात लावायचा नाही, यांनी कॅमेऱ्याला. टेबलाची ती बाजू त्यांची, ही बाजू यांची. अडतीस वर्षांत चहाचा कप देतानासुद्धा बोटाला बोट लागलं नसेल. तसं ठरवलेलं नव्हतं. तशी वेळ आली नाही, आणि दोघांनीही आणली नाही.

वाद मात्र भरपूर. शेवटचा वाद याच शॉटवरून झाला. शमशुद्दीनभाई म्हणाले, "बाई, दारात कोणीतरी हवं. म्हातारी एकटी चाललीय. नुसता एक हात दिसला तरी पुरे."

"कोणी नकोय," आनंदीबाई म्हणाल्या. "माणसं एकटीच जातात. आणि कथा माझी आहे, भाई."

"मर्जी आपली," असं म्हणून ते लेन्स पुसायला लागले. त्याच आठवड्यात ते दवाखान्यात दाखल झाले.

४

चव्वेचाळिसाव्या फ्रेमला पुन्हा तसंच झालं. अठ्ठावन्नाव्यालाही. दर खेपेला आनंदीबाई "बाहेर" म्हणाल्या आणि दर खेपेला दारात ते फिकट काहीतरी आलेलं होतं. पहिल्यांदा तांदळाएवढं, मग तुरीच्या डाळीएवढं. अठ्ठावन्नाव्या फ्रेममध्ये ते दाराची कड धरून होतं, आणि ती चार बोटं होती.

आनंदीबाई भित्र्या नव्हत्या. चित्रकलेच्या शिक्षिकेला साजेल अशी त्यांनी शहानिशा केली. एक अख्खी सकाळ त्या तोंडाला कुलूप घालून काम करत राहिल्या. दहा फ्रेम झाल्या, दहाही स्वच्छ. मग त्यांनी स्वतःच मोठ्यानं "हात?" विचारलं आणि स्वतःच "बाहेर" म्हणाल्या. तीही स्वच्छ. मग मुद्दाम नुसतंच "बाहेर" म्हणून पाहिलं. स्वच्छ. खोलीत आपण एकट्याच हा खुळेपणा करतोय हे जाणवून त्यांना हसू आलं. वरच्या गल्लीतून भंगारवाल्याचा भोंगा गेला, शेजारचा मिक्सर फिरून थांबला.

त्या शांततेत त्यांनी गोदाबाईची मान वळवली, हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "बाहेर."

ती फ्रेम त्यांनी लगेच पाहिली. त्यात मनगट होतं.

कानाला काही ऐकू येत होतं, असं त्या शपथेवर सांगू शकल्या नसत्या. पण उत्तर तोंडातून गेलं, म्हणजे प्रश्न आलाच असणार. त्या सकाळी त्यांना भीतीपेक्षा एक वेगळंच काहीतरी वाटलं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. दहा स्वच्छ फ्रेम होत असताना त्या वाट पाहत होत्या.

५

रविवारी सुमय्या आली. शमशुद्दीनभाईंची ही एकुलती एक लेक. वाघोलीत राहायची आणि कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. महिन्यातून एकदा डबा घेऊन यायची, आनंदीबाईंना मावशी म्हणायची.

"मावशी, तुम्ही किती बारीक झालात. जेवता का नाही वेळेवर?"

"जेवते. डबा ठेव, आणि इकडे बघ जरा. तुझं ते कॉम्प्युटरचं डोकं चालव."

त्यांनी बाजूला काढलेल्या फ्रेम तिला दाखवल्या. कुठून आल्या ते सांगितलं नाही.

"नॉइज असेल," सुमय्या म्हणाली. "लो लाइटमध्ये सेन्सर असा गडबड करतो. किंवा फाइल करप्ट झाली असेल. झूम करू?"

"कर की."

तिनं चित्र मोठं केलं. बोटं स्पष्ट झाली. ती मातीची नव्हती. त्यांच्यावर सुरकुत्या होत्या, पेरांवर बारीक पांढरे केस होते. तर्जनीचं नख काळं होतं.

 सुमय्यानं लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालतात तसं.

एक्क्याण्णव साली तिवई पडून शमशुद्दीनभाईंच्या तर्जनीचं नख काळं पडलं, ते पुन्हा कधी गोरं झालं नाही. हे दोघींनाही माहीत होतं.

"मावशी, तुम्ही मॉडेल केलंत ना हे? अब्बांच्या आठवणीसाठी?"

आनंदीबाईंनी मान हलवली. ती हो आहे की नाही, हे सुमय्याला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. थोड्या वेळानं ती खाली बघत म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. दीड वर्ष सांगेन सांगेन म्हणतेय. शेवटच्या दिवशी अब्बा सारखे एकच विचारत होते. 'हात?' डोळे मिटलेले, आणि 'हात?' आम्हाला वाटलं, हात दुखतोय. सिस्टरनं सलाईन बदललं. मग मी हात धरला. मी म्हटलं, अब्बा, आहे मी, हात धरलाय. तरी विचारतच होते. चार-साडेचार तास. त्यांना काय हवं होतं मावशी? तुम्हाला माहितीये?"

"माहितीये," आनंदीबाई म्हणाल्या. डबा उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

जाताना सुमय्या दारात थांबली. "ह्या फ्रेम्स डिलीट करा. प्लीज. आणि हा शॉट तसाच सोडा. मी गुरुवारी पाच वाजता येते, तुम्हाला घेऊन जाते वाघोलीला. चार दिवस राहा."

६

भाई गेले त्या दिवशी आनंदीबाई काय करत होत्या, हे सुमय्याला ठाऊक होतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

त्या दिवशी मेणबत्तीचा शॉट होता. गोदाबाई बसली आहे आणि तिच्यासमोर खरी मेणबत्ती जळून संपते. मधेच विझवली तर मेण थिजतं, पुढची फ्रेम मागच्याशी जुळत नाही, सगळं पहिल्यापासून. सकाळी दहाला सुमय्याचा फोन आला, अब्बांना जास्त झालंय, या. आदल्या संध्याकाळी शमशुद्दीनभाईच म्हणाले होते, "मेणबत्ती उरका, मग या निवांत." आनंदीबाईंनी मेणबत्तीकडे बघितलं. निम्मी उरली होती. "दोन तासांत आले," त्या म्हणाल्या, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे फोन बंद करून ठेवला. फोन थरथरला की टेबल थरथरतं.

मेणबत्तीला साडेचार तास लागले.

शॉट अर्धा सोडायचा नसतो. हे कळणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते त्या वेळी दवाखान्यात पडून 'हात?' विचारत होतं. एक शब्द हवा होता. तो शब्द आनंदीबाईंनी अडतीस वर्षांत किती लाख वेळा उच्चारला असेल, आणि ज्या दिवशी तो पोचायला हवा होता त्या दिवशी त्या इथे या खोलीत, काळ्या कागदांच्या आत, बटण दाबत बसल्या होत्या. एकट्या असल्यामुळे त्या दिवशी त्यांनी एकदाही "बाहेर" म्हटलं नव्हतं.

रविवारची ती रात्र आणि सोमवारची सकाळ त्या रडल्या. नंतर तोंड धुवून खाली उतरल्या आणि दिवे लावले.

७

बुधवारपर्यंत एकशे त्रेचाळीस फ्रेम झाल्या. बाजूला काढलेल्या फ्रेम होत्या नऊ. आनंदीबाईंनी त्या नऊ फ्रेम ओळीनं लावल्या आणि चालवल्या. पाऊण सेकंदाचा ऐवज.

दारात बोटं आली, त्यांनी कड धरली, मनगट पुढे सरकलं, हात उंबऱ्यावरून आत आला आणि उताणा झाला. मोकळा तळवा वर. बस्स.

हालचाल इतकी सरळ, इतकी बिनधक्क्याची होती की आनंदीबाईंतल्या कारागिराला आधी कौतुकच वाटलं. दहा-बारा दिवसांत, कधी सकाळी, कधी दुपारी घेतलेल्या फ्रेम. तरी एकही उडी नाही. कोणीतरी मोजूनमापून, पुढच्या फ्रेमची वाट बघत, तो हात मोहरी मोहरीएवढा पुढे आणला होता.

त्यांनी ते पुन्हा चालवलं. पुन्हा. खोलीत मेणाचा आणि एरंडेलाचा वास होता, दिवे गुणगुणत होते. कितीतरी वेळ गेला असावा, कारण डोळे उचलले तेव्हा चहावर साय आली होती.

मागायला हात पुढे करतात तेव्हा तळवा वर असतो. द्यायला करतात तेव्हाही वरच असतो. यातलं हे कोणतं, ते पाऊण सेकंदात कळत नव्हतं. आणि हे शमशुद्दीनभाईच आहेत, असं तरी कशावरून? नख काळं आहे म्हणून? भाईंना आनंदीबाईंची कथा कळत होती. त्यांनी कधी अशी बळजबरी केली नव्हती. मर्जी आपली, असं म्हणून ते लेन्स पुसायला लागायचे.

सुमय्याचं ऐकावं, असं त्यांना वाटून गेलं. शॉट सोडावा, वाघोलीला जावं, तिच्या गॅलरीत बसून ऊन खावं. पण एकच फ्रेम उरली होती. उद्या दुपारी ती घेतली की सिनेमा संपेल, दिवे मालवले जातील आणि मग "हात?" असं विचारणारं कोणी उरणार नाही. ते जे काही होतं, ते आणखी एकदाच विचारणार होतं. त्याला खरं उत्तर द्यायची तेवढीच संधी होती.

८

गुरुवारी दुपारी चारला आनंदीबाई खाली आल्या. नेसूचं पातळ बदललेलं होतं, वाघोलीची पिशवी भरून जिन्यापाशी ठेवली होती. एक फ्रेम, पाच मिनिटांचं काम.

दार सताड उघडं होतं. गोदाबाई उंबऱ्यावर उभी होती, पाठमोरी, तोंड बाहेरच्या अंधाराकडे. तिची हनुवटी शेवटची मोहरीभर वर करायची होती, तेवढंच. आनंदीबाईंनी ती केली. अंगठ्याचा ठसा राहिला तो पुसला. मग डाव्या हातातलं बटण त्यांनी स्टुलावर ठेवलं.

त्या वाट पाहू लागल्या. शेजारी कोणीतरी कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. रस्त्यावर शाळेची बस थांबली आणि गेली. आनंदीबाईंना झोप आल्यासारखं वाटत होतं. लहानपणी गोष्ट ऐकताना शेवटाकडे यायची, तशी गोड आणि जड.

विचारणा झाली. या खेपेला ती स्वच्छ ऐकू आली, मागून, कॅमेऱ्याच्या बाजूनं, जिथून नेहमी यायची तिथून.

"हात?"

आनंदीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी उजवा हात उचलला आणि गोदाबाईच्या खांद्यावरून पुढे, त्या दहा इंचांच्या दारातून आत घातला. मखमल चार बोटांवर होती. ती लागली नाही. मनगट गेलं, कोपरापर्यंत हात गेला, तरी मखमल लागली नाही. आत गार होतं, आणि मोकळं वाटत होतं, पहाटे गच्चीवर वाटतं तसं.

मग तिथे कोणीतरी हात धरला.

तो हात त्यांनी याआधी कधी धरला नव्हता, त्यामुळे ओळख कशी पटवायची हे त्यांना कळेना. त्यांनी अंगठ्यानं चाचपून तर्जनीचं नख शोधलं. नख होतं. ते काळं आहे की नाही, हे अंधारात स्पर्शानं कसं कळणार? एवढंच कळलं, की हात लहान नव्हता. पुरत्या माणसाचा होता.

"आत आहे, भाई," आनंदीबाई म्हणाल्या. "या वेळी आत आहे."

खट्.

बटण स्टुलावर होतं, तिथेच होतं. लॅपटॉपवर आकडा बदलला. एकशे चव्वेचाळीस.

आनंदीबाई जागच्या जागी राहिल्या. पाठीत कळ आली तरी हलल्या नाहीत. धरलेला हात ना ओढत होता, ना सोडत होता. समोर गोदाबाई हनुवटी वर करून बाहेर बघत होती, आणि एवढ्या जवळून आनंदीबाईंना वाटलं की तिला पलीकडचं दिसतंय. दिव्याची गुणगुण हळूहळू दूर गेली. हात कोपरापर्यंत गार पडला, मग खांद्यापर्यंत.

पाच वाजता बेल वाजली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली. मग सुमय्याचा आवाज आला, "मावशी? मावशी, दार उघडा ना."

आनंदीबाईंनी ओ दिली नाही. त्यांनी श्वास बेतानं घेतला, टेबलाला धक्का लागू नये म्हणून. त्यांचं सगळं लक्ष पाठीमागे लागलं होतं. अजून कोणी 'झालं' म्हटलं नव्हतं.